रुपरावच्या पायांचं नाव

"बाबाजी, काय त्रास होतो तुम्हाला?"

"त्रास तर तुमाले हाये डॉक्टरसायेब, परीक्षेचा. माह्यं सारं होऊन सोळा साल झाले."

पांढऱ्या कोटातला पोरगा घामाघूम. त्यानं रुपरावच्या गुडघ्यावर हातोडी ठोकली, तर पाय असा उसळला की हातोडी खाटेखाली.

"घाबरू नका गा," रुपराव हळूच म्हणाला. "सुई टोचून पाहा. टोचलेलं कळते मले. हे लिहा, मोठे डॉक्टर विचारतात. मंग चालवा मले. पाय कैचीवानी एकमेकांत जातात, टाच टेकत नाई. अन् खाणं विचारा. खाणं विसरले का नापास!"

"आणि... आजाराचं नाव?"

रुपराव छताकडं पाहत पुटपुटला, "लॅथिरिझम."

दोन काठ्यांवर चालणारा रुपराव एरवी नागपूरला धरमपेठेच्या बाजारात भिवापुरी मिरच्या विकायचा. वर्षातून दोनदा मात्र डॉक्टरकीच्या कॉलेजातून त्याला बोलावणं यायचं. पोरं त्याला तपासायची आणि पास व्हायची. नऊ वर्षं हे चाललेलं. बाजारात कुणी लंगडा म्हटलं, की रुपराव छाती काढून सांगायचा, "लंगडा असन तुहा बाप! मले लॅथिरिझम हाये. इंग्रजी पुस्तकात हाये तो."

पाय कसे गेले, याचा त्याचा हिशेब वेगळा होता. गावाकडं तो सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. त्या साली पावसानं लाखोळीची, म्हणजे लाख डाळीची, रास भिजली आणि मालकानं तीच खायला दिली. ती सडकी लाखोळी बाधली, असं तो धरून चालला होता. डॉक्टर खाणं विचारायचे, तसं विडीही विचारायचे, दारूही विचारायचे. तो सगळ्यांची उत्तरं द्यायचा.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात त्याला तपासून डॉक्टरकीची शेवटची परीक्षा दिलेली सिंधू धावत परत आली. "बाबाजी, पास झाले!"

"बरं झालं बाई. आता एक माह्यंबी सांगा. नऊ साल झाले, हा शब्द मी लोकाइले सांगून राहिलो. त्याचा अर्थ काय?"

सिंधू स्टूल ओढून बसली. "लॅथायरस म्हणजे आपली लाखोळी. तिच्यात पाय आखडवणारं विष असतं. त्यावरनं लॅथिरिझम."

"सडक्या लाखोळीत."

"नाही बाबाजी, चांगल्या लाखोळीतसुद्धा. कधीमधी वरणात खाल्ली तर सहसा काही होत नाही. पण दोन-तीन महिने दोन्ही वेळा तीच पोटात गेली, तर पाय जातात. तरण्या माणसांचे जास्त. गेलेले परत येत नाहीत. वेळेत बंद केली, तर बहुतेक आहे तिथं थांबतं."

रुपराव खाटेवर ताडकन उठून बसला. "हे मले कोणी सांगितलं काहून नाई?"

"तुम्हाला माहीत असेल असंच वाटलं सगळ्यांना. तुम्हीच तर सांगता सगळं."

"माह्यं पोरगं गावात सालदार हाये," तो म्हणाला. तो काठ्या ओढून घेऊ लागला. "पावसाळाभर लाखोळीच्या भाकरीवर हाये ते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो भिवापूरजवळच्या त्या गावात उतरला. त्याचा पोरगा चंद्रभान मालकाच्या गोठ्यात कडबा टाकत होता.

"चालून दाखव."

"बाबा? असे अचानक? पाणी तर प्या."

"चाल म्हणतो ना!"

चंद्रभान हसत चालला. रुपरावची नजर त्याच्या टाचांवर. उजवी टेकली. डावी अधांतरी राहिली, बोटभर.

"पिंडऱ्या भरून येतात का?"

"कामानं येतात बाबा."

"मीबी हेच म्हटलं होतं."

मालक मारोतराव बाहेर आले. "काय रुपराव, डॉक्टर झाला काय गा?"

"मालक, पोराले लाखोळी नका देऊ. ज्वारी द्या."

"नवी ज्वारी घरात याले दोन महिने हायेत."

"पाय जायलेबी तितकेच लागतात."

"अरे, आमीबी लाखोळी खातो!" मारोतरावांनी पाय जमिनीवर दणकन आपटला. "काय झालं याले?"

"तुमी वरणात खाता मालक. हा भाकरीत खाते. सकाळी बी, संध्याकाळी बी."

मारोतरावांनी पाय मागं घेतला. मग म्हणाले, "तर ने बाप्पा आपल्या पोराले. मले सालदार पायलीचे पन्नास भेटतात."

चंद्रभान खाली पाहत राहिला. "साल मधात मोडलं तर या गावात मले कोणी ठेवणार नाई, बाबा."

चंद्रभानची बायको गोपिका पुढं आली. शेणानं भरलेले हात तिनं टाकीत बुडवले आणि विचारलं, "मामाजी, परतीची बस किती वाजता हाये?"

तिघं फाट्यावर बसची वाट पाहत होते, तर रुखमाबाई धापा टाकत आली. तिचा पोरगा नत्थू त्याच मालकाकडं सालदार.

"रुपरावभाऊ, काय म्हणतात त्या आजाराले? नाव सांगा. माह्या नत्थूच्याबी पिंडऱ्या भरतात."

शब्द रुपरावच्या ओठांवर आला होता. तो त्यानं गिळला. "नाव घेऊन काय करसान रुखमाबाई? लाखोळीची भाकर बंद करा. आजपासून."

"करतो बंद. मंग खाऊ काय?"

बस आली. चंद्रभान दांडी धरून चढला, मागोमाग गठुडं घेऊन गोपिका. "चलो बाबा, चढो जल्दी!" कंडक्टर ओरडला. रुखमाबाई दाराशीच उभी, उत्तराची वाट पाहत.

"ते मले कोणी सांगितलं नाई, बाई," रुपराव म्हणाला आणि काठ्या आत टाकून बसच्या पायरीवर हातांनी स्वतःला ओढून घेऊ लागला.