मोकळ्या दोऱ्यांची माटवी

लालबागच्या आमच्या चाळीत कोपऱ्यातल्या खोलीत राहणारे काका माणसांपेक्षा झाडांविषयी जास्त बोलतात. कुणी आजारी पडलं की आधी औषधी पाल्याचं नाव सांगतात, मग तब्येत विचारतात. चतुर्थीआधी ते सावंतवाडीकडच्या गावी जाऊन पिशवीभर रानफळं आणतात आणि गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, म्हणजे माटवी, त्या फळांनी सजवतात. प्रत्येक फळाची जागा ठरलेली. चुकली तर गाठ सोडून पुन्हा बांधणार.

यंदा मी मदतीला गेलो. पिशवी निम्मीच भरली होती. तरी त्यांनी नेहमीइतक्याच दोऱ्या बांधल्या आणि बऱ्याच तशाच मोकळ्या सोडल्या.

"काका, इथे काय?"

"कवंडळ. डोंगरार रानच रवूक नाय, एक वेल दिसूक नाय."

"दादरला प्लास्टिकची मिळतात, हुबेहूब. आणू?"

"देवाक फसवूचा नसता."

"रान तोडलं तरी कुणी?" मी जरा चिडूनच विचारलं.

काकांनी गाठ घट्ट केली. "मियाच. सगळीकडे काजीची झाडा लायलंय. वाटला, रान काय, बांधाच्या कडेन परत येतला. पण बी टाकणारी पाखराच गेली."

आरतीनंतर त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. गावचे काजू होते, चांगले टपोरे. वर पंख्याच्या वाऱ्याने मोकळ्या दोऱ्या हलत होत्या आणि काका तिकडेच बघत होते.

मी काजू खाल्ले. गोड होते.