मार्लिसला सूट नको

कोर्टाचा निकाल लागायच्या महिनाभर आधीच मार्लिस रौटिओने शिकारीचं नारिंगी जाकीट विकत घेतलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण तिला दोष तरी कसा द्यायचा? तीस वर्षं थांबली होती बिचारी.

विसाव्या वर्षी एका मित्राच्या नादाने तिने बारचं मागचं दार फोडलं आणि बिअरची दोन खोकी उचलली. मित्र कुठल्या कुठे पसार झाला, गुन्हा मात्र हिला चिकटला. देशाच्या घटनेने नागरिकाला बंदुकीचा हक्क दिला खरा, पण तिच्या राज्याच्या कायद्याने तो मार्लिसकडून जन्मभरासाठी काढून घेतला. कोर्टाने परत दिला तरच मिळणार. धनुष्यबाणाला बंदी नव्हती, पण बर्फ काढायचा ट्रक चालवून तिचा खांदा कामातून गेलेला.

आणि राहायला कुठे, तर उत्तर मिनेसोटात. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणाची शिकार सुरू होते. त्या दिवशी कुणी लग्न ठेवलं तर नवरासुद्धा येईलच असं नाही. मार्लिस दरवर्षी भावाबरोबर रानातल्या झोपडीवर जायची आणि पाच पुरुषांसाठी रस्सा ढवळत बसायची.

सुनावणी नेमकी शिकारीच्या आदल्या गुरुवारी आली. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"तीस वर्षं बंदुकीवाचून काही अडलं नाही," जजबाई म्हणाल्या. "मग आता कशाला हवी?"

"बाकीच्यांना विचारता का, कशाला हवी म्हणून?" मार्लिस बोलून गेली. वकिलाने टेबलाखाली तिचा पाय दाबला.

"बाकीच्यांनी दार फोडलं नव्हतं."

"नव्हतं. मी फोडलं." तिचा आवाज खाली आला. "वीस वर्षांची होते, अक्कल नव्हती. पण त्यानंतर नियम मोडलेला नाही, बाई. एकदासुद्धा नाही."

भाऊ गॉर्डी साक्षीला उभा राहिला. "माझी रायफल एकदा ओढ्यात पडली. ही अगदी शेजारी उभी. उचलायची सोडून काठावरून मलाच शिव्या घालत राहिली, 'ये आणि उचल तुझी तू, मी हात लावणार नाही!' मी येईस्तोवर रायफल गाळात रुतली. अजून अडकते मेली."

जजबाईंना हसू आवरेना. त्यांनी सही केली. मार्लिसने कोर्टातच गॉर्डीला अशी मिठी मारली की त्याचा चष्मा खाली पडला.

शनिवारी उजाडताना ती वडिलांची रायफल घेऊन मचाणावर बसली होती. थंडीने नाक बधिर, आणि छाती अशी धडधडत होती की हरणाला ऐकू जाईल अशी भीती. ते आलं. मोठ्या शिंगांचं, चाळीस पावलांवर, अगदी आडवं उभं राहिलं. तिने श्वास रोखला, नेम धरला, चाप ओढला. हरणाने शेपटी उडवली आणि ते धडधाकट पळून गेलं. मार्लिस मचाणावर बसल्या बसल्या मोठमोठ्याने हसली.

झोपडीवर सगळे वाट बघत होते. तिकडची रीत अशी, की नेम चुकला की शर्टाचा मागचा सोगा कापायचा आणि नाव-तारीख घालून भिंतीवर ठोकायचा. भिंतीवर पाचही जणांचे सोगे होते, कुणाकुणाचे तर तीन-तीन. म्हातारा आयनो कात्री घेऊन पुढे झाला, पण गॉर्डीने त्याचा हात धरला.

"राहू दे रे. पहिलाच दिवस आहे तिचा. यंदा सूट देऊ."

मार्लिसने जाकीट काढून बाकावर टाकलं, शर्ट ओढून बाहेर काढला आणि त्यांच्याकडे पाठ केली.

"तीस वर्षं मला एकटीला वेगळा नियम होता, गॉर्डी," ती म्हणाली. "आता पुरे. आयनो, काप."