उभं का बसतं?

खुबेवाले डॉक्टर कोट-पाटलोणीनिशी दवाखान्याच्या फरशीवर मांडी ठोकून बसत. रोग्याचा खुबा कापायचं ठरलं, की त्याच्या खाटेशी असे बसून एकच प्रश्न विचारत, "उभं पाह्यजे का बसतं?" नागपूरहून तपासणीला येणारा गोरा साहेब त्यांना असं पाहून नाक मुरडायचा. मुंबईला शिकून आलेले असले तरी डॉक्टर मूळचे मोताळ्याकडचे, आणि बोलणं शेवटपर्यंत गावचंच.

प्रश्न साधा नव्हता. क्षयानं सडलेला सांधा ते खरवडून काढत, नडगीच्या हाडाचा तुकडा तिथे बसवत आणि छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालत. काही महिन्यांनी सगळं मिळून एकच हाड होई. दुखणं कायमचं जाई, आणि सांधाही कायमचा जाई. पाय सरळ ठेवून जुळवला तर माणूस ताठ चाले, पण जमिनीवर बसणं संपलं. थोडा वाकता ठेवला तर लंगडत चाले, पण भिंतीला टेकून, पाय पसरून का होईना, चार माणसांत बसे.

"हाड मी जोडतो, जिंदगी तुमची हाये," असं ते म्हणत. शेगावच्या कापसाच्या जिनातल्या हमालाला त्यांनी सरळ पाय दिला. गादीवर बसणाऱ्या एका कापडवाल्यानं उत्तर द्यायला आठ दिवस लावले. डॉक्टर आठही दिवस येऊन फरशीवर बसले. रोग्याला एवढा मान देणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच माझा राग अजून जात नाही.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. तीन वर्षं उजवा खुबा ठणकत होता. डॉक्टर माझ्या खाटेशी बसले, माझ्या कपाळावर हात ठेवला, आणि मान वळवून बाबांना म्हणाले, "काय भाऊ, उभं का बसतं?"

"उभंच करा साहेब," बाबा लगेच म्हणाले. "पाहुणे पाहाले येतीन, तवा पोरगी सरळ चालली पाह्यजे."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि उठले. बापाच्या समोर मुलीनं तोंड उघडायचं नसतं, एवढंच मला तोवर शिकवलेलं होतं.

काम उत्तम झालं. ठणका गेला तो पुन्हा आला नाही. हे त्यांचं ऋण मी कधी नाकारलं नाही. वर्षभरानं पाहुणे आले. पानसुपारीचं तबक घेऊन मी अशी चालले, की बाबांची छाती फुगली. मग मुलाच्या आईनं पाट पुढे सरकवला. "बस माय." बाबांना दरदरून घाम फुटला. जेवण, चूल, जातं, लग्नाचे विधी, सगळं बसूनच करायचं असतं, हे त्यांना त्या दिवशी दवाखान्यात सुचलंच नव्हतं. बाबांचं एक सोडा, डॉक्टरांना तर ठाऊक होतं! पाहुणे गेले ते गेलेच. नंतर आलेलेही तसेच गेले.

मी मास्तरीण झाले. दहा-बारा वर्षांनी डॉक्टर आमच्या मुलींच्या शाळेत बक्षिसं वाटायला आले. केस पिकले होते. मला वर्गात फिरताना पाहून अगदी खूश झाले. "कशी ताठ चालून राह्यली! माह्या हातचं सगळ्यात सुरेख काम हे."

"डॉक्टर," मी म्हणाले, "मले बसाचं होतं."

त्यांचा चेहरा उतरला. मग चिडून म्हणाले, "मंग तवा सांगतलं काऊन नाही?"

"तुमी मले इचारलं काऊन नाही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पोरीले इचारा लागते," हळूच म्हणाले, "हे मले कोनी शिकोलंच नाही."

पुढच्याच वर्षी ते वारले. मनातली अढी तशीच घेऊन मी त्यांच्या घरी गेले. सतरंजीवर बसून बायका रडत होत्या. मी उभ्यानं रडले.