अ‍ॅरोगंट ठरवलेल्या बाई

इंग्रजी हा विषय मी आयुष्यभर शिकवला. वर्गात एक शिस्त लावली होती: माणसाच्या वागण्याला विशेषण लावायचे असेल, तर आधी ते वागणे सांगा. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मात्र ही शिस्त कोणी पाळत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई शेजारच्या दिवा स्टेशनजवळ राहतात. तिथे पाण्याचे हाल. म्हणून घरी जाताना त्या आमच्याकडून पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून नेतात. कामाच्या बायकांनी जाताना गेटवर पिशवी उघडून दाखवायची, असा सोसायटीचा नियम आहे. परवा नेमके सेक्रेटरी तिथे उभे होते.

“हे पाणी कोणाला विचारून?”

“ज्यांच्या घरचं आहे, त्यांना विचारून. तुमच्या घरचं नाही, साहेब.”

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘बाई अ‍ॅरोगंट आहे. माफी मागेपर्यंत आत सोडू नये.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यांत माझे जुने विद्यार्थीही होते.

मी तडक सेक्रेटरींचे घर गाठले.

“अ‍ॅरोगंट म्हणजे काय हो?”

“सर, आता शाळा नका घेऊ. उद्धट, दुसरं काय!”

“मग उद्धट लिहा. आणि त्या काय बोलल्या, तेही लिहा.”

“ते कशाला? टोनवरून कळतं ना माणसाला!”

माझा संताप झाला तो इथे. स्वतःला इतरांहून श्रेष्ठ समजून जो ते त्यांना जाणवून देतो, तो अ‍ॅरोगंट. ‘उद्धट’ लिहिले असते, तर ‘असं बोलली तरी काय?’ असे कोणीतरी विचारलेच असते. इंग्रजी शब्दाला तेवढीही चौकशी लागली नाही. आरोप आणि निकाल एकाच शब्दात उरकले.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “माफी कशाची मागू ते सांगा, सर. लगेच मागते.”

“उद्या नेहमीच्या वेळी या. मी गेटवर असेन,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः गेटवर गेलो. वॉचमन अवघडून म्हणाला, “सर, ह्यांना सोडायचं नाही असं सांगितलंय.”

“कामाच्या बाईंना ना? या आमच्या पाहुण्या आहेत. तशी नोंद करा. पाहुण्यांची पिशवी तपासता का?”

“नाही, सर.”

त्या दिवशी त्या भरलेल्या बाटल्या घेऊन, पिशवी न उघडता बाहेर पडल्या. आता रोज तसेच चालते. सोसायटीतली त्यांची बाकीची घरे मात्र सुटली. त्यांपैकी एकाही घराने त्यांना काय घडले, हे विचारले नाही.