बस वळते तिथवर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडली. शनिवारची संध्याकाळ, गच्चीवर. आदल्या रविवारी एका खेड्यातून पिशवीभर आणलेली. बायको चिंचोके काढत होती, मी शिरा.

“उद्या बस वळते तिथवर जायचं,” ती म्हणाली. “मधे उतरायचं नाही.”

“आणि रस्त्यावर पाणी असलं तर? पोहत जाशील?”

“तुमच्या खांद्यावर बसून जाईन.”

आदल्या खेपेला तसंच झालेलं. तळं फुटून रस्ता बुडाला होता, म्हणून कंडक्टरनं शेवटच्या गावाच्या अलीकडंच सगळ्यांना उतरवलं. तिला ते लागून राहिलं होतं. पण रविवार उजाडायच्या आधीच ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मी सातवी नापास. उभा जन्म चेन्नईला, गिंडीच्या कारखान्यात लेथवर काढला. तमिळ बोलतो, वाचता येत नाही. तिला तर मराठीपण वाचता येत नव्हतं. मी रिटायर झालो तेव्हा पोरगं म्हणालं, आई-बाबा, काशी-रामेश्वर करून या. ती म्हणाली, “जिथं सगळी दुनिया जाते तिथं आपलं काय अडलंय?” तेव्हापासून दर रविवारी आम्ही बसस्टँडवर जायचो, शहराबाहेर निघालेली कुठलीपण बस धरायची आणि कंडक्टरला सांगायचं, कडैसी. म्हणजे शेवटचा थांबा.

काय काय बघितलं! वेशीवर माणसापेक्षा उंच मातीचे घोडे उभे केलेलं गाव. गवताच्या चटया विणणारं गाव, तिथं पोरंसोरंपण बोलता बोलता विणतात. आमचे शेजारी इथंच जन्मलेले, पण त्यांनी ह्या गावांची नावंसुद्धा ऐकलेली नव्हती. ते टी. नगरच्या बाजारात साड्या बघायला जातात आणि दमून येतात.

प्रत्येक गावात उतरलं की पहिला सवाल एकच. यार वीट्टुक्कु? कुणाच्या घरी आलात? मी आपला मागं उभा राहायचो, चोरासारखा. ती पुढं होऊन छातीठोक सांगायची, “उंग वीट्टुक्कु दान.” तुमच्याच घरी. लोक आधी बघत राहायचे, मग हसायचे, मग पाणी यायचं. मला ते कधी जमलं नाही.

दहाव्याला समुद्राकाठी पिंड मांडला. पोरगं ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात आहे, तिथंच त्याचा फ्लॅट. त्यानं हात जोडले. “आई, बाबांची काळजी करू नकोस. त्यांना माझ्याकडं नेतो. आता एकट्यानं कुठं भटकू देणार नाही.”

तोंडातून शब्द निघायचा अवकाश, कावळ्यानं झडप घातली.

साताऱ्याहून आलेला माझा मेहुणा डोळे पुसत म्हणाला, “बघितलं दाजी? ताईच्या मनात हेच होतं. आता हट्ट सोडा.”

माझं डोकं फिरलं. म्हणलं, “अरे, हा चेन्नईचा कावळा आहे. इथं घरोघरी आधी कावळ्याला भात घालतात, मग माणसं जेवतात. ह्याला वचन कशाला पाहिजे?”

“असं बोलू नये दाजी.”

डब्यात भात उरला होता. मी मुठीत घेतला, वाळूवर ठेवला आणि मोठ्यानं बोललो, “ऐक गं. मी उद्या बस वळते तिथवर जाणार. आणि ओरगडमला राहायला जाणार नाही.”

दोन कावळे आले. भांडून खाल्लं.

“आता बोल,” मी मेहुण्याला म्हणलं. “तुझी ताई दुतोंडी होती का?”

गुरुजी तंजावरकडचे, फार सोवळ्याचे. त्यांनी तोंड समुद्राकडं फिरवलं, पण खांदे हलत होते.

घरी आल्यावर पोरगं रडकुंडीला आलं. “बाबा, उद्या अकरावा. लोक काय म्हणतील? सुतकात कुणी दुसऱ्याच्या दारात जातं का?”

“अकराव्याला तू आहेस की. सुतक मला आहे, बसला नाही.”

“आणि वाटेत काही झालं म्हणजे?”

“तुझी आई घरात, अंथरुणात गेली. तिला काय वाट आडवी आली होती?”

ते उठून आत गेलं. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही.

सकाळी मोबाईल देवापुढं ठेवला आणि निघालो. बसमध्ये खिडकीची जागा तिची असायची, तिथं मी बसलो. तळ्याचं पाणी ओसरलं होतं. बस चिखलातून हेलकावे खात पुढं गेली, एका कडुनिंबाला वळसा घालून थांबली. गाव म्हणजे पाच-पन्नास घरं, एक पंप, वाळत घातलेल्या मिरच्या. बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही.

मिरच्या परतणारी एक बाई ताठ झाली. “यार वीट्टुक्कु?”

आज मागं उभं राहायला माझ्यापुढं कुणी नव्हतं. घसा साफ केला.

“उंग वीट्टुक्कु दान.”

बाई हसली नाही. मला खालून वर न्याहाळलं. मग ओट्यावर झोपलेल्या कुत्र्याला हाकललं.

मी चपला काढल्या आणि बसलो.