कबरस्तानातली शिकवणी

शाळेतला शिक्षक असो की मशिदीतला इमाम, आम्ही दोघांनाही मामोस्ताच म्हणतो. सिद्दीक हे दोन्ही होते, त्यामुळे हवरामानच्या डोंगरातल्या आमच्या गावाला त्यांच्यापासून सुटका नव्हती. सुलेमानी शहरातून ते तरुणपणी आले ते एकच ध्यास घेऊन : कुर्दांची भाषा एक झाली पाहिजे. ती एक भाषा म्हणजे अर्थातच सुलेमानीची सोरानी. वर्गात कुणी आमची हवरामी बोललं तर ते कान पिळत नसत, नुसते दुखावल्यासारखे बघत. त्यापेक्षा कान पिळलेला परवडला असता.

माणूस लाखातला. बर्फात अडकलेल्या बाळंतिणीला पाठीवर घेऊन डोंगर उतरताना आम्ही त्यांना पाहिलंय. पण उभ्या आयुष्यात हवरामीचा एक शब्द त्यांनी जिभेला लागू दिला नाही.

मयत पुरल्यावर उशाशी बसून त्याला तलकीन देतात. आता फरिश्ते येतील, तुझा परमेश्वर कोण म्हणून विचारतील, गांगरू नकोस, असं असं सांग. ही तलकीन अरबीत होते. मयताला नीट समजावं म्हणून मामोस्ता तीच पुढे कुर्दीतही सांगत. त्यांच्या कुर्दीत.

फरामर्ज गेला तेव्हाही सांगितली. फरामर्ज कापडी जोडे शिवायचा. सोरानी कानावर आली की मान तिरकी करून, हसून, "हं?" म्हणायचा. तो गेल्यानंतरच्या गुरुवारी त्याची बायको नाजदार खजूर घेऊन कबरीवर गेली आणि खजूर न वाटताच मशिदीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामोस्ता, आमच्या ह्यांला कळलं नाही."

"काय कळलं नाही?"

"तुम्ही सांगितलेलं. खालून 'हं?' करतायत."

"नाजदारबाई, दुःखात माणसाला भास होतात."

"मला भास व्हायला सवड कुठाय? तुम्हीच येऊन ऐका. फरिश्ता काय ह्यांच्यासाठी ताटकळत बसणारे? उत्तर चुकलं तर माती दाबंल त्यांला."

मामोस्ता हसले. आम्हीही हसलो. मग मेंढरं कबरस्तानाच्या वाटेनं जाईनात. मग तिथले अक्रोड झोडायला गेलेला माझा भाऊ करीमदाद भर दुपारी काठी तिथंच टाकून घरी आला. "लई आदबीनं विचारतोय रे," तो म्हणाला. "ओरडला असता तर एवढं भ्या वाटलं नसतं."

पुढच्या गुरुवारी उन्हं उतरताना मामोस्ता कबरीवर गेले. आम्ही जरा लांबच उभे राहिलो. वारा नव्हता. त्यांनी वर्गातल्यासारख्या स्वच्छ सोरानीत तलकीन सांगितली.

मातीखालून, अगदी जवळून, आवाज आला, "हं?"

पोराला प्रश्न समजला नाही की मामोस्ता तोच प्रश्न आणखी मोठ्यानं विचारत. तसंच त्यांनी केलं.

"हं?"

त्यांच्या हातातली जपमाळ थांबली. नाजदार शेजारी जाऊन बसली. "मी सांगते तसं म्हणा. आपल्या बोलीत."

"मग तूच का सांगत नाहीस?"

"सांगून बघितलं ना. बायकोचं त्यांनी कधी ऐकलंय?"

ती एकेक शब्द सांगत गेली आणि मामोस्ता पहिलीतल्या पोरासारखे मागून म्हणत गेले. दोनदा अडखळले. "घाई करू नका," ती म्हणाली, "ते कुठं जात नाहीत." शेवटचा शब्द झाला. खाली कुणीतरी, पाठीवरचं ओझं उतरवावं तसा, लांब श्वास सोडला. नंतर काहीच नाही. नाजदारनं पदर डोळ्यांना लावला आणि आम्हाला खजूर वाटायला घेतले.

मामोस्ता गुडघ्यावर हात टेकून उठू लागले, तोच मागल्या रांगेतून बायकी, थकलेला आवाज आला, "हं?"

मग त्याच्या पलीकडून. मग पार अक्रोडाखालून. मामोस्तांनी इतक्या वर्षांत पुरलेला सगळा गाव, एकमेकांच्या बोलण्यात न येता, आदबीनं विचारत होता.

आमच्यातले निम्मे पळाले. मामोस्तांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते पळाले नाहीत.

"ही कोण?" त्यांनी मागल्या कबरीकडे बोट केलं.

"माझी सासू," नाजदार म्हणाली.

मामोस्ता सरकत सरकत सासूच्या उशाशी जाऊन बसले.

"नाजदार," ते म्हणाले, "पहिलं वाक्य पुन्हा एकदा सांग."