दोनचा की पाचचा

आई सप्टेंबरात गेली आणि अण्णांचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे, अर्धी पोळी चिवडायचे आणि "झालं" म्हणून उठायचे. मिरजेहून शेजारच्या काकू फोनवर सांगायच्या, डबा जसाच्या तसा परत येतो. मी एकुलता एक, आणि रॉटरडॅममध्ये. वडील असेच हळूहळू संपतील आणि मला फोनवर कळेल, या भीतीनं माझी झोप उडाली होती. नव्वद दिवसांचा व्हिसा काढला आणि त्यांना नोव्हेंबरात बोलावून घेतलं. निदान डोळ्यांसमोर तरी राहतील.

अडचण एवढीच, की माझं घर म्हणजे बोट. हौस नव्हती. भाड्याच्या घरांसाठी अर्ज करून करून थकलो, तेव्हा नऊ मीटरची जुनी पोलादी बोट घेतली आणि शहराबाहेरच्या एका छोट्या बंदरात राहू लागलो. थंडीत मी जॅकेट घालून लॅपटॉपसमोर बसायचो, पण सत्तरीच्या माणसाला तसं कसं बसवणार? बंदरातल्या खांबावरून वीज मिळायची ती सहा अँपिअर. विजेचा हीटर लावून किटली लावली की फ्यूज उडालाच. म्हणून डिझेलचा हीटर घ्यायचं ठरलं.

दुकानदारानं केबिनची लांबी-रुंदी विचारली, खिडक्या मोजायला लावल्या, पत्र्याच्या आत इन्सुलेशन आहे का ते विचारलं. पाणी तापवून रेडिएटरमधून फिरवणारा हीटर एवढ्याशा बोटीला नको, म्हणाला, जागा खाईल. गरम हवा फेकणारा घ्या, दोन किलोवॉटचा पुरे. मी मिरजेला फोन लावला. अण्णांनी बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडलेली. म्हटलं, या निमित्तानं दोन शब्द बोलतील.

आणि बोलले की! "दोनचाच घे. डिझेलला लोड लागतो बघ. मोठा घेतलास तर तो कायम बारीक चालणार आणि काजळी धरणार. नाकापेक्षा मोती जड करू नकोस."

आई गेल्यापासून ते एका दमात एवढं बोलले नव्हते. मी काय म्हणालो? "अण्णा, ते बसचं इंजिन. हे वेगळं असतं." आणि पाचचा घेतला. आपल्याकडे शाळेचा गणवेशसुद्धा वाढत्या अंगाचा शिवतात. कमी पडण्यापेक्षा जास्त बरा, हे माझ्या हाडात मुरलेलं. पण खरं सांगायचं तर अण्णांना थंडी वाजली आणि ते परत जातो म्हणाले तर काय, याच धसक्यानं मी तो मोठा खोका उचलला.

अण्णा आले. दहा मिनिटांत बोटीची भट्टी व्हायची, मग हीटर आपोआप बारीक होऊन दिवसभर कुरकुरत राहायचा. अण्णा कान देऊन ऐकायचे. "बारीक चाललाय," म्हणायचे. "चालू दे हो," मी म्हणायचो. मी थालीपीठ केलं, सुरिनामहून इथं आलेल्या मूळच्या भारतीयांच्या दुकानातून मेथी आणून भाजी केली, वरणावर तुपाची धार धरली. दोन घास, आणि ताट बाजूला. एकदा ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन मी ढसाढसा रडलो.

डिसेंबरात एका सकाळी हीटरमधून पांढरा धूर निघाला, डिझेलचा उग्र वास सुटला आणि तो बंद पडला. तीनदा बटण दाबलं, पेटेना. वॉरंटीवाला म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो. खिडक्यांच्या आतून पाणी ओघळायला लागलं. अण्णा दोन स्वेटर, कानटोपी आणि वर स्लीपिंग बॅग अशा थाटात बसले. तिसऱ्या दिवशी मला ऑफिसला जाणं भागच होतं. पाच वाजता परत आलो.

टेबलावर कागद पसरून हीटरचे सगळे भाग मांडलेले. बाह्या कोपरापर्यंत वर, हात काळेकुट्ट. डिझेल जिथे जळतं तो डबा अण्णा पॉलिश पेपरनं खरवडत होते. "बघ, केवढी काजळी," ते वर न बघता म्हणाले. "सांगितलं होतं."

माझा तोल गेला. "कोणी सांगितलं हात लावायला? वॉरंटी गेली आता! जरा स्वस्थ बसवत नाही का तुम्हाला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक स्क्रू जागच्या जागी बसवला. हीटर उचलून जागेवर नेला, जोडला, बटण दाबलं. थोडा वेळ टिकटिक झाली आणि गरम हवा यायला लागली. मग ते हात धुवायला गेले.

चहा टाकायला म्हणून मी ओट्याशी गेलो. कढईत पिठलं होतं, निम्मं संपलेलं. भाताचं पातेलं एका बाजूनं खरवडलेलं. फोडलेला अर्धा कांदा तिथंच पडलेला. ताट विसळून पालथं घातलेलं.

"अण्णा, जेवलात?"

"हो. भूक लागली होती."

ज्या भुकेसाठी मी दोन-अडीच महिने तळमळत होतो ती दुपारी आली होती, आणि संध्याकाळी मी तिच्यावर ओरडलो होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. "चुकलं माझं," म्हणालो. "असू दे रे," म्हणाले. त्या रात्री त्यांनी अर्धी पोळी खाल्ली आणि उठले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. मी पुन्हा पुन्हा माफी मागितली. ते पुन्हा पुन्हा "असू दे" म्हणाले. ताटातलं काही संपेना.

मग मी एक वेडेपणा केला. हीटर मुद्दाम अगदी बारीक ठेवायला लागलो, दिवसभर, रोज. बोट गार पडेल या भीतीनं मोठा हीटर घेतला होता, आणि आता तो काजळी धरून बंद पडायचीच वाट बघत होतो. जानेवारी संपत आला, अण्णांच्या परतीला आठवडा उरला, आणि एकदाचा तो पांढरा धूर दिसला. मला आनंदानं भरून आलं. पाने, स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, नवा पॉलिश पेपर, सगळं त्यांच्यापुढे आणून ठेवलं.

"अण्णा, परत बंद पडला. बघता का जरा?"

अण्णांनी पाना हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला.

"वॉरंटीवाल्याला बोलाव," ते म्हणाले.